संत्र्याचा बयाणा आणि क्यूचा बयाणा

पत्र

काका, नमस्कार. मी वरुड तालुक्यातल्या एका गावचा, वय 26. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, घरी अडीच एकर संत्रा. चार वर्षांपासून पूल (बिलियर्ड्सच्या जातीचा, काठीनं चेंडू मारायचा टेबलावरचा खेळ) खेळतो. आतापर्यंत पार्लरच्याच स्टिकनं खेळलो, आता माझ्या मापाची, हातानं बनवलेली क्यू, म्हणजे खेळायची काठी, करून घ्यायची आहे. बटवर (मागच्या जाड भागावर) संत्र्याचं पान आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरून हवं आहे. दुसऱ्या राज्यातला एक कारागीर बनवून देतो म्हणतो. किंमत 40,000. अर्धे आधी, 'नॉन-रिफंडेबल'. बाकीचे क्यू पाठवण्याआधी. आठ महिने लागतील. माझ्याजवळ 22,000 जमले आहेत, उरलेले आंबिया बहाराचा संत्रा निघाल्यावर. बाबा म्हणतात, "बयान्याचा भरोसा नसते गा, आपल्या बागंचे कितीक बयाने पाह्यले." माझ्या मित्रानं एका वेगळ्याच कारागिराला 14 महिन्यांपूर्वी 12,000 दिले. सहा महिन्यांत देतो म्हणाला होता. अजून क्यू नाही. फोन उचलतो आणि 'पॉलिश चालू आहे' म्हणतो. मी पैसे देऊ का? किती देऊ? बुडाले तर काय?

— स.

उत्तर

स.,

बाबांनी पाहिले ते घेतलेले बयाणे, म्हणजे इसार. तू द्यायला निघाला आहेस. एवढा फरक आधी ध्यानात घे, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच बागेत आहे.

व्यापारी बागेत येतो. चार ओळी फिरतो, मान वर करून झाडं पाहतो, एखादं फळ तळहातावर तोलतो आणि अंदाज सांगतो. सौदा जमला की थोडी रक्कम हातावर, बाकी तोडणीच्या वेळी. त्या दिवसापासून बाग 'विकलेली'. दुसरा कोणी आला तरी त्याला परत पाठवायचं. मग भाव चढला तर हा माणसं आणि क्रेट घेऊन सकाळी सहाला हजर. भाव पडला तर फोन लागत नाही, नाहीतर 'माल बारीक आहे' म्हणून निम्म्यावर येतो. तोवर गळ सुरू झालेली असते. बाबांच्या हातात बयाणा उरतो आणि झाडाखाली सडा.

तुझ्या सौद्यात तू व्यापारी आणि तो कारागीर बागवाला. जरा त्याच्या जागी बसून बघ. त्यानं तुझ्या मापाची काठी बनवली, तिच्यावर संत्र्याचं पान बसवलं, देवनागरी 'स' बसवला, आणि सातव्या महिन्यात तुझा फोन बंद. आता ती विकायला त्याला पूल खेळणारा आणखी एक संत्रावाला शोधावा लागेल, आणि त्याचंही नाव 'स'वरूनच पाहिजे. तेव्हा तो बयाणा मागतो यात काही वावगं नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही मागितला असता.

प्रश्न रकमेचा आहे. 'निम्मे आधी' हा आकडा लोक सवयीनं सांगतात, त्यामागं हिशेब नसतो. मी पतसंस्थेत 31 वर्षं काढली, नाना तऱ्हेच्या इसारपावत्या हाताखालून गेल्या. त्यातून माझा एक ठोकताळा झाला: घेणारा मागे फिरला तर ती वस्तू दुसऱ्याला विकताना जितके पैसे सोडावे लागतील, तेवढा बयाणा वाजवी. बिननक्षीची, चांगल्या लाकडाची, नेहमीच्या मापाची क्यू तू नाही घेतली तर दुसरा खेळणारा घेईल. कारागिराला चार-पाच हजार सोडावे लागतील, जास्त नाही. 'स' आणि पान असलेल्या क्यूचं मात्र तसं नाही. म्हणून त्याला सरळ विचार, "भैया, साध्या क्यूचे किती आणि कोरीव कामाचे वेगळे किती?" समजा तो 34 आणि 6 म्हणाला. मग साध्या क्यूसाठी 5,000 बयाणा दे. कोरीव कामाचे 6,000 ते काम हातात घेईल तेव्हा सगळेच्या सगळे दे, कारण ती रक्कम त्याला दुसरीकडून वसूल होणार नाही. हा हिशेब त्याच्यापुढं मांडलास तर समजूतदार कारागीर रागावणार नाही. उलट गिऱ्हाइकाला धंदा कळतो म्हणून नीट बोलेल.

(कोरीव कामावरून आठवलं. जुन्या क्यूंवर हस्तिदंत बसवलेला असे. कोणी 'देतो' म्हणाला तर हात जोड. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो व्यापार बंद आहे.)

आता आठ महिन्यांबद्दल. एवढा वेळ ऐकूनच अनेकांना फसवणुकीचा वास येतो. मला नाही आला. लाकडाला वेळ लागतोच. क्यूचा पुढचा भाग, तुम्ही ज्याला शाफ्ट म्हणता, तो बहुधा हार्ड मॅपलचा असतो. सरळ नस असलेला तुकडा निवडायचा, वाळवायचा, लेथवर थोडासा कातायचा आणि टांगून ठेवायचा. कातलं की लाकडातला ताण सुटतो आणि ते कुठंतरी वाकू पाहतं. काही आठवड्यांनी पुन्हा थोडं कातायचं, पुन्हा टांगायचं. असं करत करत इंचभर जाडीच्या दांड्याचं टोक 13 मिलिमीटरच्या आसपास आणतात. मधेच जो वाकला तो बाद. घाई केली तर तोच वाक तुझ्या घरी येऊन निघतो. बटमध्ये काळ्या लाकडाच्या निमुळत्या पाचरी खालून वर चढलेल्या दिसतात ना, त्या डिंकानं चिकटवून मुरू द्याव्या लागतात, तिथंही दिवस जातात.

आपल्या हवेत तर हे दुप्पट महत्त्वाचं. मे महिन्यात पारा 45 च्या वर, श्रावणात भिंतींना ओल. घराचं सागवानी दार उन्हाळ्यात फटी दाखवतं आणि पावसाळ्यात चौकटीला अडतं. ते तर बल्लारशाच्या डेपोतलं सागवान, याच मातीतलं. समुद्राकाठच्या दमट हवेत मुरलेली मॅपलची काठी आपल्या एप्रिलमध्ये आणून टाकली तर ती काय करेल? म्हणून कारागिराला आधीच सांग की क्यू विदर्भात राहणार आहे. आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाईपर्यंत शाफ्ट वाकला तर बदलून देणार का, हे विचार. टिनाच्या खोलीत ठेवली किंवा मोटरसायकलला बांधून उन्हात उभी केली तर ती जबाबदारी तुझी, हे तूही कबूल कर.

म्हणजे उशीर ही खोटेपणाची खूण धरू नकोस. खोट असते ती रांगेत.

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या वेळी मी एका सुताराला सागवानी दिवाणाचे निम्मे पैसे आधी दिले. माणूस चोर नव्हता, हात तर सोन्याचा. झालं काय, माझ्या पैशातून त्यानं माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचं कपाट पुरं केलं. माझा दिवाण पुरा करायला माझ्यानंतरच्याचा बयाणा यावा लागणार होता. दुकानात गेलो की तो एक पाय उचलून दाखवायचा, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून नजर टाकायचा आणि म्हणायचा, "नस पहा काका, कशी सरळ आहे." पाय खरंच सुरेख होता. पण तीन महिने तोच एक पाय. लग्न झालं, पुतणीला दिवस गेले, मग दिवाण आला.

तुझ्या मित्राचं 'पॉलिश चालू आहे' मला त्याच जातीचं वाटतं. एकट्यानं काम करणारा कारागीर वर्षाला मोजक्याच क्यू बनवतो. त्यानं साठ जणांचे बयाणे घेतले की पुढच्याच्या पैशात मागच्याचं काम भागवणं सुरू होतं. त्यात तो आजारी पडला, हात दुखावला, घरात काही झालं, की शेवटचे तीस जण लटकले. यात बदमाशी असलीच पाहिजे असं नाही, पण पैसे गेले ते गेलेच.

त्यामुळे त्याला तीन गोष्टी विचार. वर्षाला किती क्यू होतात? माझ्या पुढं किती जण आहेत? आणि माझं लाकूड लेथवर पहिल्यांदा कधी चढेल? आकडे सांगताना तो अडखळला नाही तर चांगलं. 'वो सब टेन्शन मत लो' असं उत्तर आलं तर मी पाच रुपयेही देणार नाही. काही कारागीर रांगेत नाव लिहायचा पैसाच घेत नाहीत, नंबर लागला की मगच मागतात. असा कोणी सापडला तर दोन महिने जास्त थांबावं लागलं तरी त्याच्याकडं जा.

'हातानं बनवलेली' म्हणजे नेमकं काय, तेही विचारून घे. बटचा जोडलेला ठोकळा कधी कधी कारागीर दुसऱ्याकडून तयार घेतो. त्यात कमीपणा नाही. न्यूयॉर्कचा जॉर्ज बालाबुश्का 1959 पासून क्यू बनवायला लागला, 1975 मध्ये गेला. आज त्याच्या क्यू संग्राहक जपून ठेवतात, आणि त्यानंही तयार ठोकळे घेऊन त्यावर काम केलेलं आहे. फक्त तयार ठोकळा असेल तर आठ महिने कशाचे आणि निम्मे पैसे आधी कशाला, एवढं विचारायचा हक्क तुला आहे.

पैसे असे दे. ठरलं त्या दिवशी 5,000. त्या बदल्यात तुझ्या नावानं बाजूला काढलेल्या लाकडाचा फोटो, लाकडावर पेन्सिलीनं तुझं नाव आणि तारीख. शाफ्टचं पहिलं कातणं होऊन बट जोडला गेला, व्हिडिओ आला, की 10,000. कोरीव काम सुरू होताना 6,000. राहिले 19,000, ते क्यू तयार झाल्यावर. पाठवण्याआधी त्यानं क्यू वजनकाट्यावर ठेवून दाखवायची. 19 औंस म्हणजे सुमारे 539 ग्रॅम. गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावरही तुला ते पुन्हा मोजता येईल. जमलं तर शेवटचा हप्ता घेऊन स्वतः जा. रेल्वेचं तिकीट 19,000 पेक्षा नक्कीच कमी आहे.

हातात आली की टेबलावर फिरवून पाहण्याची सगळ्यांना सवय असते. त्यावर फार विसंबू नकोस. क्यू निमुळती असते, टेबलही कुठं सपाट असतं. माझ्या सुतारासारखं कर: बटकडून एक डोळा मिटून टोकापर्यंत नजर टाक, थोडी फिरव, पुन्हा पाहा. मग जोड उघडून शाफ्ट वेगळा पाहा, बट वेगळा पाहा. दोन्ही सरळ पण जोडल्यावर वाक दिसतो, तर दोष जोडात आहे. बोटाच्या नखानं जोडाची कड चाचप, नख अडकायला नको.

लिहून काय घ्यायचं? स्टॅम्प पेपरच्या मागं धावू नकोस. वस्तू विक्रीच्या 1930 च्या कायद्याला तोंडी करारही चालतो, पण तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच सविस्तर मेसेज लिही आणि त्याचं 'हां, मंजूर' घे. लांबी, वजन आणि त्यात किती उन्नीस-बीस चालेल, टिपची जाडी, कोणतं लाकूड, जोडाचा प्रकार, शाफ्ट एक की दोन, मुठीवर रॅप (वेष्टण) आहे की नाही, कोरीव कामाचं चित्र, हप्ते, तारीख. आणि तारखेनंतर किती महिने थांबून तुला पैसे परत मागता येतील, तेही. मी तीन म्हणेन.

यात एका शब्दाला जप. बयाणा आणि अ‍ॅडव्हान्स आपण बोलताना एकच धरतो, कायद्यात ते दोन आहेत. बयाणा म्हणजे सौदा पाळण्याची हमी. देणारा मागे फिरला तर तो बुडू शकतो. अ‍ॅडव्हान्स म्हणजे किमतीचाच आधी दिलेला भाग. घराच्या एका सौद्यात सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली हाच फरक धरला आहे. म्हणून मेसेजमध्ये लिही: "पहिले 5,000 बयाणा, बाकी सगळे हप्ते अ‍ॅडव्हान्स." त्याचा 'नॉन-रिफंडेबल' मग त्या 5,000 पुरता राहील. आणि तोही तू माघार घेतलीस तरच. त्यानंच क्यू दिली नाही तर बयाणासुद्धा परत करावा लागतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो. तू माघार घेतलीस तरी वाट्टेल तेवढी रक्कम दाबून ठेवता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच बोलतं.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं, आणि स्क्रीनवर येणारं नाव त्याचंच आहे ना ते पाहून. 'मेहुण्याच्या नंबरवर टाका' म्हणाला तर थांब. त्याच्या घरचा आणखी एक नंबर मागून ठेव, बायकोचा, भावाचा, कोणाचाही. माणूस आजारी पडला तर निदान खरं काय ते सांगणारा कोणी हवा. आणि मुळात असा कारागीरच नव्हता, कोणीतरी फोटो चोरून पैसे उकळले असं निघालं, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन कर. तिथं वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आता तू न विचारलेलं. तुझं माप तुला खरंच माहीत आहे का? पार्लरमधली जी स्टिक तू दर वेळी शोधतोस, ती काट्यावर ठेव, टिपची जाडी मोज. पूलची क्यू 18 ते 21 औंसांत बसते, आणि एका औंसाचा फरक हाताला चांगला जाणवतो. महिनाभर ठरवून एकाच वजनाच्या काठीनं खेळ, मग ऑर्डर दे. 40,000 घालून चुकीचं वजन करून घेतलं तर त्यात कारागिराचा दोष नसेल. आणखी एक. शेवटच्या हप्त्यासाठी तू आंबियाच्या पैशावर डोळा ठेवून आहेस. ते पैसे खताचे, फवारणीचे, बाबांच्या उधारीचे आहेत. गारपीट झाली तर तू क्यूसाठी त्यांच्यापुढं उभा राहशील आणि दोघांनाही ते अवघड जाईल. तुझ्या पगारातून 18,000 उरायला जितके महिने लागतील, डिलिव्हरीची तारीख तितकी पुढं ठेव. कारागीर कधीच घाई करत नाही, हा या धंद्याचा एक फायदा आहे.

हौसेबद्दल मी काही बोलणार नाही. स्नूकर 1875 साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी पावसाळ्यात वेळ घालवायला काढला असं सांगतात. सातपुड्याच्या त्या बाजूला साहेबांनी हौस केली, या बाजूला तू कर.

मित्राला मात्र आजच गाठ. त्याला म्हणावं, फोन करणं बंद कर. कारागिराला लेखी कळव: अमुक तारखेला इतके दिले, सहा महिन्यांत क्यू द्यायची होती, पंधरा दिवसांत क्यू दे किंवा 12,000 परत कर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि स्पीड पोस्टनंही पाठव, पावती ठेव. उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळं कारागीर कुठल्याही राज्यातला असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. क्यू द्यायची तारीख उलटून आठ महिने झाले, म्हणजे त्याच्याजवळ सोळा उरले. आणि तू मोबाइल दुरुस्तीत आहेस म्हणून तुलाच सांगतो: त्याचा तो जुना फोन, ज्यात सगळं बोलणं आहे, तो फॉर्मॅट करू देऊ नकोस आणि एक्स्चेंजमध्येही जाऊ देऊ नकोस.

— काका